जुन्या जीपला क्रूझ कंट्रोल बसवावे का?



एरवी या सदरात आपण बियाणे, खते, पाणी आणि जनावरे यांविषयी बोलतो. आजचा विषय यंत्राचा आहे. मेहकर तालुक्यातील एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या घरी १९७२ सालची पेट्रोल जीप आहे. आजोबांनी ती घेतली, वडील तिच्यावरच गाडी चालवायला शिकले. मधली कित्येक वर्षे ती गोठ्याच्या कडेला उभी होती. यंदा सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर मुलाने ती दुरुस्त करून घेतली. वडील आता ७३ वर्षांचे आहेत. त्यांची एकच इच्छा आहे : ही जीप स्वतः चालवत नागपूरला लेकीच्या दारी न्यायची. समृद्धी महामार्ग तालुक्यातूनच जातो. अडचण एवढीच की त्यांचा उजवा गुडघा दुखतो. तासन् तास अ‍ॅक्सिलरेटरवर पाय धरून बसणे त्यांना जमत नाही.

यावर गावच्या मिस्त्रीने तोड काढली. जीपच्या डॅशबोर्डवर हाताने ओढायची थ्रॉटलची गुंडी आहे. ती हवी तेवढी ओढून ठेवायची आणि पाय मोकळा सोडायचा. "हेच तुमचे क्रूझ कंट्रोल," असे त्याचे म्हणणे. वाचक विचारतात, "असे केले तर चालेल का? आणि चालत नसेल, तर नव्या मोटारीत असते तसे खरे क्रूझ कंट्रोल जुन्या जीपला बसवता येते का?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही, चालणार नाही. रस्त्यावर एक मैलसुद्धा नाही. दुसऱ्याचे उत्तर असे की, बसवता येते, पण काही अटी पाळून. या दोन उत्तरांमागची कारणे सर्वांनीच समजून घ्यावीत. तुमच्याकडे जीप नसेल, पण ऑइल इंजिन असेल, मळणी यंत्र असेल, ट्रॅक्टर असेल. तिथेही हाच प्रश्न रोज उभा राहतो.

वेग कोण सांभाळतो?

विहिरीवरचे ऑइल इंजिन आठवा. जुने लिस्टर पद्धतीचे संथ इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेते. पंपाने पाणी सोडले आणि भार एकदम हलका झाला, तरी ते भरधाव सुटत नाही. मळणी यंत्रात मोठी पेंढी गेली की इंजिन क्षणभर दबते, मग आवाज भरून येतो आणि ते पुन्हा आपली मूळ लय धरते. त्या वेळी कोणी धावत जाऊन डिझेल कमीजास्त करीत नाही. हे काम गव्हर्नर करतो.

गव्हर्नरची युक्ती जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यासारखी आहे. पाळणा हळू फिरतो तेव्हा साखळीला टांगलेल्या खुर्च्या सरळ खाली लोंबतात. वेग वाढला की त्या बाहेर फाकतात. इंजिनाच्या गव्हर्नरमध्ये अशीच दोन वजने फिरत असतात. वेग वाढला की ती फाकतात आणि दांड्याने डिझेल कमी करतात. वेग उतरला की स्प्रिंग त्यांना आत ओढते आणि डिझेल वाढते. जेम्स वॉट या इंग्लंडात काम करणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरने १७८८ साली ही युक्ती वाफेच्या इंजिनाला लावली. त्याही आधी युरोपातील पवनचक्क्यांत जात्याच्या दोन दगडांमधले अंतर सांभाळण्यासाठी ती वापरात होती. म्हणजे ही कल्पना मुळात पीठ दळणाऱ्यांची, आपल्याच जातकुळीतली.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, गव्हर्नर वेगाकडे बघतो आणि त्यानुसार इंधन बदलतो. इंधन एका जागी बांधून ठेवणे आणि वेग सांभाळणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत.

थ्रॉटलची गुंडी काय करते?

जीपची गुंडी एका तारेने कार्बुरेटरची झडप उघडी धरते. बस, तिचे काम संपले. तिला वेग कळत नाही, चढ कळत नाही, उतार कळत नाही. समजा, सपाट रस्त्यावर तुम्ही ती ओढली आणि जीप ६० किलोमीटरच्या वेगाने चालू लागली. चढ लागला की वेग पडेल. उतार लागला की तो तुमच्या मर्जीवाचून वाढत जाईल. हा झाला पहिला दोष. तो एकवेळ चालवून घेता येईल.

दुसरा दोष जिवावर बेतणारा आहे. समजा, समोर बैलगाडी आडवी आली. तुमचा पाय सवयीने ब्रेककडे जाईल, हात सवयीने स्टिअरिंग घट्ट धरील. गुंडी आत ढकलायची आठवण त्या क्षणी कोणालाही होत नाही. मग ब्रेक गाडीला मागे ओढतात आणि इंजिन तिला पुढे रेटत राहते. त्यातून क्लच दाबला तर भार सुटून इंजिन किंचाळू लागते, आणि चालवणारा अधिकच गोंधळतो. जुन्या जीपच्या चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. ते तापले की पकड कमी होते. ७३ वर्षांच्या माणसाला त्या दोन सेकंदांत हात, पाय आणि डोके अशी तिन्ही ठिकाणची वेगवेगळी कामे करायला लावणे हा अन्याय आहे. तिशीतल्या माणसालाही ते साधणार नाही.

मग ही गुंडी दिली कशाला? ती उभ्या गाडीच्या कामासाठी आहे. थंडीत इंजिन गरम होईपर्यंत रेस धरून ठेवणे, किंवा जीप उभी करून तिच्यावर पट्टा चढवून यंत्र फिरवणे, अशी ती कामे. दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत विलीज कंपनीने १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही जीप विकायला काढली. नांगर ओढणे, पट्ट्यावर यंत्र चालवणे ही कामे तिने करावीत असा हेतू होता. त्या कामांसाठी कंपनी वेगळा गव्हर्नर जोडून देत असे. नुसत्या गुंडीने वेग टिकत नाही, हे जीप बनवणाऱ्यांनाच ठाऊक होते, याची ही खूण.

क्रूझ कंट्रोल निघाले कसे?

राल्फ टीटर हे १८९० साली जन्मलेले अमेरिकन इंजिनिअर. इंडियाना राज्यातील हेगर्सटाउन हे त्यांचे गाव. वयाच्या पाचव्या वर्षी इजा होऊन पुढे त्यांची दृष्टी पूर्ण गेली. तरीही १९१२ साली त्यांनी यांत्रिक इंजिनिअरिंगची पदवी घेतली. पुढे ते पिस्टन रिंगा बनवणाऱ्या परफेक्ट सर्कल कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांना स्वतःला मोटार चालवता येत नव्हती. शेजारी बसून जावे लागे, म्हणून गाडीचा प्रत्येक हिसका त्यांना इतरांपेक्षा जास्त जाणवे. असे सांगतात की त्यांचे वकील मित्र गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी करीत आणि ऐकू लागले की वाढवीत. या हिसक्यांना कंटाळून टीटर यांच्या मनात वेग सांभाळणाऱ्या यंत्राचा विचार पक्का झाला. महायुद्धाच्या काळात टायरचे रबर वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ३५ मैल, म्हणजे सुमारे ५६ किलोमीटर, अशी वेगमर्यादा होती. ती पाळायला मदत व्हावी हाही हेतू होताच.

१९५० साली त्यांना पेटंट मिळाले. त्यांच्या यंत्रात गव्हर्नरचीच फिरती वजने होती. ठरवलेला वेग आला की अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल पायाला उलट रेटा देई. चालवणाऱ्याचा पाय पेडलवरच असे, पण "आता पुरे" अशी सूचना त्याला मिळे. पुढे वेग धरून ठेवण्याची सोय झाली, आणि तिच्याबरोबरच ब्रेकला पाय लागताच पकड सुटण्याचीही. १९५८ साली क्रायस्लर कंपनीने आपल्या मोठ्या गाड्यांत हे यंत्र दिले. 'क्रूझ कंट्रोल' हे नाव कॅडिलॅकने वापरले आणि तेच रूढ झाले.

टीटर यांच्या कामातून आपण घ्यायचा धडा एकच. वेग धरणारी कळ तयार करणे सोपे आहे. वेळेवर आपोआप सुटणारी कळ करण्यात खरी अक्कल लागते. म्हणून कोणी तुम्हाला जुन्या गाडीला क्रूझ कंट्रोल बसवून देतो म्हटला, तर पहिला प्रश्न हा विचारा : "ते सुटते कसे?" याचे उत्तर समाधानकारक नसेल तर तिथूनच परत फिरा.

आधी गाडी पाहा

आधी कळस मग पाया असे करू नका. क्रूझ कंट्रोलला हात लावण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासून घ्या.

ब्रेक : चारही ड्रम उघडून लायनिंग, चाकातले सिलिंडर आणि रबरी नळ्या पाहा. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे सिलिंडर आतून गंजतात आणि नळ्या फुगतात. गाडी ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढत असेल तर तिला हमरस्त्यावर नेऊ नका.

स्टिअरिंग : चाक हलण्याआधी स्टिअरिंग बरेच मोकळे फिरत असेल, तर आधी ते ठीक करा.

टायर : नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असे समजू नका. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१२ असेल तर तो २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. उन्हात उभ्या गाडीचे टायर न चालवताही म्हातारे होतात. आकडे जुने असतील किंवा बाजूला बारीक भेगा असतील तर टायर बदला.

कार्बुरेटर : अ‍ॅक्सिलरेटर दाबून एकदम सोडा. झडप स्वतःहून झटकन मिटली पाहिजे. ती अडखळत असेल तर साफसफाई करा, दांड्यांच्या सांध्यांना तेल द्या, आणि रिटर्न स्प्रिंग नवी घाला. एकीच्या जागी दोन स्प्रिंगा असल्या तर आणखी चांगले. एक तुटली तर दुसरी झडप मिटवील.

इंजिनाखालची रबरे : ती फाटली असतील तर रेस देताच इंजिन हलते आणि तार आपोआप ओढली जाते. हा दोष पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

या पाच गोष्टींपैकी एकही नापास झाली, तर क्रूझ कंट्रोलसाठी ठेवलेले पैसे तिकडे वळवा. त्यात काही गमावले असे मानू नका.

किटमध्ये काय असते?

नव्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल विजेवर चालते. तशा गाड्यांसाठी विकले जाणारे किट आपल्या जीपला लागू नाही. तार किंवा दांडा असलेल्या जुन्या गाडीसाठी वेगळे किट असते. त्यात पाच भाग असतात.

पहिला भाग वेग मोजणारा. चाकांकडे फिरणाऱ्या लांब शाफ्टवर लहान लोहचुंबक बसवतात आणि त्याच्या शेजारी, चेसिसला, एक ग्राहक लावतात. चुंबक समोरून गेला की ग्राहकाला खूण मिळते. दुसरा भाग या खुणा मोजणारी पेटी. तिसरा भाग थ्रॉटल ओढणारा. तो विजेच्या मोटरचा असतो किंवा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पडद्याचा. चौथा भाग चालवणाऱ्याच्या हाताशी असलेली बटणे. पाचवा भाग ब्रेक आणि क्लचचे स्विच. पाचवा भाग दिसायला सर्वांत स्वस्त, पण जीव त्याच्यावर अवलंबून.

व्हॅक्यूमविषयी एक सूचना. चढावर थ्रॉटल जास्त उघडा असतो, तेव्हा पेट्रोल इंजिनाचा व्हॅक्यूम कमी होतो. म्हणून त्या पद्धतीच्या किटला एक लहान टाकी आणि एकाच दिशेने हवा सोडणारी झडप लागते. आपल्याकडे पुष्कळ पेट्रोल जीपना पुढे डिझेल इंजिन बसवले गेले. डिझेल इंजिनात असा व्हॅक्यूम मिळत नाही, कारण त्यात साधारणतः हवा अडवणारी झडपच नसते. तिथे विजेच्या मोटरचे किट लागेल.

बॅटरीही पाहा. काही जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत, काहींत बॅटरीचा धन टोक चेसिसला जोडलेला असतो. आजची किटे १२ व्होल्टची आणि ऋण टोक चेसिसला असलेल्या गाडीसाठी केलेली असतात. न पाहता जोडले तर पेटी जळेल.

बसवताना लक्ष कुठे ठेवावे?

एक : ब्रेक लाइटचा स्विच. जुन्या जीपमध्ये हा स्विच ब्रेकच्या तेलाच्या दाबावर चालतो. म्हणजे पेडल बरेच दाबले, तेलाचा दाब चढला, की मग तो जुळतो. जुना झाला की आणखी उशीर करतो. क्रूझ कंट्रोलला एवढा उशीर परवडत नाही. म्हणून पेडलपाशी वेगळा स्विच लावून घ्या. पेडलला नुसता पाय टेकला तरी पकड सुटली पाहिजे.

दोन : ब्रेक लाइटचा बल्ब. काही किटे ब्रेक लाइटच्या बल्बमधूनच आपली जोडणी तपासतात. साध्या बल्बऐवजी एलईडी लावला तर त्यांचा घोटाळा होतो आणि वेगळा रिले घालावा लागतो. मिस्त्रीला हे आधी विचारा.

तीन : क्लचचा स्विच. तो नसेल तर क्लच दाबताच गाडीचा वेग उतरू लागतो, पेटीला वाटते चढ लागला, आणि ती आणखी रेस देते. हा स्विच नको म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

चार : थ्रॉटलची साखळी. ती थोडी ढिली असावी. क्रूझ बंद असताना थ्रॉटल पूर्ण मिटला पाहिजे. साखळी सायलेन्सरच्या गरम नळीजवळून नेऊ नका, आणि ती कुठे अडकत नाही ना ते स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा.

पाच : वायरिंग. स्पार्क प्लगच्या जाड वायरींपासून किटच्या वायरी दूर ठेवा. नाही तर ठिणगीच्या खुणा पेटी मोजू लागते आणि भलताच वेग धरते. वेगळा फ्यूज घाला. बटण हाताला न शोधता सापडेल अशा जागी लावा.

पहिली परीक्षा

काम झाले की लगेच महामार्ग गाठू नका. कोरडा, सरळ, रिकामा रस्ता आणि दिवसाचा उजेड पाहिजे. चालवणारा एक आणि शेजारी एक जाणता माणूस, एवढेच गाडीत असावेत. बायकामुलांना घरी ठेवा. ५० किलोमीटरच्या वेगाला क्रूझ लावा. ब्रेकला नुसता पाय टेकवा, पकड सुटते का ते पाहा. पुन्हा लावा, क्लच दाबा. पुन्हा लावा, बटणाने बंद करा. प्रत्येक परीक्षा तीनदा घ्या. नवांपैकी एक वेळ जरी सुटायला उशीर झाला, तरी साखळी काढून टाका आणि दोष सापडेपर्यंत पायानेच गाडी चालवा. वर्षातून एकदा, निदान पावसाळा संपल्यावर, ही परीक्षा पुन्हा घ्या. उंदीर वायरी कुरतडतात, चिखल स्विचात जातो.

आणि घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याने हे पाठ करावे : थ्रॉटल अडकला तर क्लच पूर्ण दाबा, गिअर न्यूट्रल करा, ब्रेक एकसारखा दाबा, कडेला थांबा आणि मग चावी बंद करा. इंजिन किंचाळेल, किंचाळू द्या. इंजिन बिघडले तर दुरुस्त होते.

कुठे वापरू नये?

वाटेत गावे लागत असतील, जनावरे रस्ता ओलांडत असतील, तर क्रूझचा काही उपयोग नाही. बहुतेक किटे ताशी सुमारे ४० किलोमीटरच्या आत वेग धरतच नाहीत. पावसात, धुक्यात, घाटात आणि रात्रीच्या थकव्यात ते लावू नका. घाटाच्या उतारावर जुन्या गाडीचे क्रूझ कंट्रोल ब्रेक मारीत नाही. ते फक्त रेस कमी करते, तिथे तुम्हालाच गिअर उतरवावा लागतो.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग खुला झाला. सपाट भागात मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. याचा अर्थ जीपने तेवढे पळावे असा नाही. उंच आणि आखूड बांध्याची जुनी जीप ६० ते ७० ला जशी ताब्यात राहते तशी पुढे राहत नाही. डाव्या लेनमधून शांतपणे जा. मागून येणारी गाडी आपल्या दुप्पट वेगाने येत असेल हे लक्षात ठेवून आरसे वारंवार पाहा. लांब, सरळ, एकसुरी रस्त्यावर डोळे उघडे असूनही मन झोपी जाते. पायाला काम नसले की ही तंद्री लवकर लागते. म्हणून दर तासाभराने थांबा, खाली उतरा, चार पावले चाला.

कागदपत्रे

खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. जीपचे पुस्तक असे वाढवलेले नसेल तर आधी ते काम करा. इंजिन बदललेले असेल तर त्याची नोंद पुस्तकात हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलाला छेद देणारा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून किट बसवण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. तशा गाडीच्या क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. पण गाडी मूळ स्वरूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिन बदललेले नको, आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. वडिलांना जीप फिरवायची असेल तर त्या नोंदणीच्या मोहात पडण्यापूर्वी ही अट वाचा.

ज्यांच्याकडे जीप नाही त्यांच्यासाठी

ट्रॅक्टरचा हातथ्रॉटल मात्र वेगळा. तो गव्हर्नरला जोडलेला असतो. नांगर कठीण जमिनीत शिरला की गव्हर्नर डिझेल वाढवतो, फाळ मोकळा झाला की कमी करतो. मळणीला पी.टी.ओ. ५४० फेऱ्यांवर ठेवायचा तर हातथ्रॉटलच हवा. शेतात तो योग्यच आहे. पण ट्रॅक्टर रस्त्यावर आला की हातथ्रॉटल पूर्ण खाली करा आणि पायाच्या अ‍ॅक्सिलरेटरने चालवा. ब्रेकची दोन्ही पेडले पट्टीने एकत्र जोडा. उसाने भरलेली ट्रॉली मागे असताना हातथ्रॉटल वर ठेवून ब्रेक मारणे म्हणजे मेहकरच्या मिस्त्रीचीच युक्ती, फक्त कित्येक टन वजनाची.

तसेच इंजिनाचा गव्हर्नर जास्त पळावा म्हणून दांड्याखाली लाकडी पाचर ठोकलेली किंवा स्प्रिंग तारेने आवळलेली मी फिरतीवर अनेक गावांत पाहिली आहे. ती पाचर आजच काढा. भार सुटला की असे इंजिन कोणाचेच ऐकत नाही.

पत्रलेखकांना शेवटचे दोन शब्द

वडिलांच्या गुडघ्याचा प्रश्न किटवाचूनही बराच सुटेल. अ‍ॅक्सिलरेटरचा सांधा गंजून जड झाला असेल तर तेल-ग्रीसने तो हलका होतो. पेडल उंच असेल तर ते खाली घेता येते. सीट थोडी पुढे सरकवली आणि टाचेखाली लाकडाची पक्की बसवलेली उतरती फळी दिली, तर पाय अधांतरी राहत नाही. फळी बोल्टने आवळा. सुटी ठेवली तर घसरून ब्रेकखाली जाईल. एवढे करून पाहा. तरीही त्रास होत असेल आणि वरच्या सर्व परीक्षांत जीप पास झाली असेल, तर खुशाल किट बसवा.

प्रवासाचे म्हणाल तर एक दिवस ठरवा, पहाटे उजाडल्यावर निघा, आणि तुम्ही शेजारी बसा. तासभर वडील चालवतील, तासभर तुम्ही चालवा. नागपूर जवळ आले की सुरक्षित जागी थांबून स्टिअरिंग पुन्हा त्यांच्या हाती द्या, म्हणजे लेकीच्या दारात जीप त्यांनीच नेली असे होईल. आणि डॅशबोर्डवरची ती गुंडी निघण्यापूर्वी पूर्ण आत ढकलून ठेवा.